छत्रपती संभाजी महाराज : धरून देणे आणि धरून ठेवणे



काही वर्षांपूर्वी पवित्र आठवड्यातील एका प्रवचनात आम्ही यहूदा इस्कर्योत आणि गणोजी शिर्के ही दोन नावे एका दमात घेतली होती. एकाने आपल्या गुरूला धरून दिले, दुसऱ्याने आपल्या राजाला, असे आम्ही सहज बोलून गेलो. मिस्सा संपल्यावर आपल्याच धर्मग्रामातील एक वयस्कर गृहस्थ सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन थांबले. यहूदाचे शुभवर्तमानात लिहिले आहे, पण गणोजींचे कोठे लिहिले आहे, एवढेच त्यांनी शांतपणे विचारले. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, पुरावा कशाला म्हणावे यावर परीक्षेत पाने भरली. पण त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. लहानपणी ऐकले होते, नाटकात पाहिले होते, इतकेच.

त्या प्रश्नाने आम्हाला संभाजी महाराजांचे चरित्र पुन्हा वाचायला लावले. ते चरित्र आपल्यापासून दूर नाही. त्याचा मोठा भाग पन्हाळ्याच्या तटावर घडला, आणि शेवटच्या प्रकरणाची सुरुवात तर याच कोल्हापुरातून झाली.

आधी शब्दांकडे पाहू. मराठीत या पापाला पुष्कळ नावे आहेत. 'दगा' फारसीतून आला. 'फितूर' मुळात अरबी. तिकडे त्याचा अर्थ ढिलेपणा, अशक्तपणा. म्हणजे मन आधी सैल पडते आणि माणूस मागाहून फुटतो. 'निमकहराम' म्हणजे खाल्लेल्या मिठाला न जागणारा. 'बेइमान' म्हणजे ज्याच्याजवळ इमान, श्रद्धा उरली नाही तो. आणि 'विश्वासघात' हा तर फार बोलका शब्द आहे. संस्कृतात 'विश्वास' हा 'श्वस्', म्हणजे श्वास घेणे, या धातूपासून होतो. ज्याच्याजवळ आपण निर्धास्तपणे, मोकळा श्वास घेतो, त्याच्यावर आपला विश्वास असतो. त्या मोकळ्या श्वासाचाच घात करणे म्हणजे विश्वासघात. म्हणून तो शत्रूला करताच येत नाही, जवळच्यालाच करता येतो. आपल्या वाडवडिलांनी हेच कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ या म्हणीत सांगून ठेवले आहे.

शुभवर्तमानातील शब्द मात्र वेगळाच आहे. यहूदाविषयी ग्रीक भाषेत जे क्रियापद आले आहे त्याचा साधा अर्थ हाती देणे, सोपवणे असा आहे. लॅटिन भाषेतही तसाच शब्द आहे, आणि गंमत अशी की त्याच एका शब्दातून पुढे इंग्रजीत देशद्रोह्याला 'ट्रेटर' आणि परंपरेला 'ट्रॅडिशन' असे दोन्ही शब्द गेले. वडिलांनी मुलाच्या हाती श्रद्धा सोपवली तर ती परंपरा. मित्राने मित्राला वैऱ्याच्या हाती सोपवले तर तो घात. मराठी बायबलमध्ये यासाठी 'धरून देणे' हा नेमका शब्द योजला आहे. आपल्या हाती जे सोपवलेले असते ते आपण कोणाच्या हाती देतो, हाच खरा प्रश्न. संभाजी महाराजांचे आयुष्य या प्रश्नाभोवतीच फिरले.

महाराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. ते दोन वर्षांचे असतानाच आई सईबाई वारल्या. कापूरहोळच्या धाराऊने त्यांना दूध पाजले आणि आजी जिजाबाईंनी वाढवले. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला, तेव्हा ठरलेले किल्ले मोगलांच्या ताब्यात येईपर्यंत ओलीस म्हणून आठ वर्षांच्या संभाजीराजांना मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत पाठवावे लागले. आपल्यापैकी ज्यांच्या घरी तिसरीत जाणारा मुलगा आहे, त्यांनी क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. या मुलाला जग कळायच्या आधी कळले ते हे की माणसाला हाती देता येते.

पण पुढच्याच वर्षी त्याने दुसरी गोष्टही पाहिली. ऑगस्ट १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याच्या कैदेतून निसटले तेव्हा लहान मुलाला घेऊन दौडणे धोक्याचे होते. म्हणून त्यांनी संभाजीराजांना मथुरेत एका ब्राह्मण कुटुंबाकडे ठेवले. सगळीकडे बादशहाची माणसे शोध घेत होती. मुलगा धरून दिला असता तर त्या कुटुंबाला इनाम मिळाले असते. सापडला असता तर सर्वांचा जीव गेला असता. त्यांनी त्याला घरचाच मुलगा म्हणून सांभाळले आणि पुढे सुखरूप स्वराज्यात पोहोचवले.

संभाजीराजे संस्कृत शिकले, 'बुधभूषण' हा ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. १६७४ च्या राज्याभिषेकात ते युवराज झाले. त्यानंतर घरात वारसाहक्काची धुसफूस सुरू झाली. एका बाजूला सावत्र आई सोयराबाई आणि लहानगे राजाराम, दुसऱ्या बाजूला थोरले संभाजीराजे. त्यात जुन्या कारभाऱ्यांचे आणि तरुण युवराजांचे पटेना. घरात आपल्याला स्थान नाही असे तरुण मुलाला वाटू लागले की काय होते, हे आपण सगळे जाणतो. १३ डिसेंबर १६७८ रोजी युवराज माहुलीहून निघाले आणि मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले.

ही गोष्ट झाकून ठेवण्याकडे आपला कल असतो. आम्हाला वाटते ती झाकू नये, कारण ती नीट पाहिल्याशिवाय पुढचे मोठेपण कळत नाही. एप्रिल १६७९ मध्ये दिलेरखानाने भूपाळगड घेतला आणि हाती लागलेल्या सातशे जणांचा एकेक हात तोडला. ती माणसे संभाजीराजांच्या वडिलांची होती. पुढे अथणीत गाव जाळून लोकांना गुलाम म्हणून विकण्याची वेळ आली, तेव्हा राजांनी विरोध केला. खानाने ऐकले नाही. आपण कोणाच्या हाती स्वतःला दिले आहे हे त्यांना पुरते उमगले. नोव्हेंबर १६७९ मध्ये ते छावणीतून निसटले आणि विजापूरमार्गे डिसेंबरच्या आरंभी पन्हाळ्यावर आले.

सुटीच्या दिवशी आपण पन्हाळ्यावर झुणका-भाकर खायला जातो. पुढच्या वेळी गेलात तर मुलांना सांगा की याच गडावर एक हरवलेला मुलगा परत आला होता, आणि जानेवारी १६८० मध्ये त्याचा बाप स्वतः गड चढून त्याला भेटायला आला होता. ते बोलले, मने मोकळी झाली. उधळ्या पुत्राची गोष्ट आपण दरवर्षी उपवासकाळात ऐकतो, म्हणून या भेटीविषयी अधिक लिहायला नको. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत, ३ एप्रिल १६८० रोजी, शिवाजी महाराज रायगडावर वारले. मुलगा तेव्हा पन्हाळ्यावरच होता. ती भेट शेवटचीच ठरली.

रायगडावर कारभाऱ्यांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवले. मोरोपंत पिंगळे आणि अण्णाजी दत्तो संभाजीराजांना कैद करण्यासाठी पन्हाळ्याकडे निघाले. तेव्हा निर्णय एका माणसाच्या हाती आला. सरसेनापती हंबीरराव मोहिते हे कऱ्हाडजवळच्या तळबीडचे, सोयराबाईंचे सख्खे भाऊ. राजाराम हा त्यांचा भाचा. भाच्याच्या बाजूने उभे राहिले असते तर कोणी बोट दाखवले नसते. पण थोरल्या मुलाचा हक्क मानून त्यांनी कारभाऱ्यांनाच धरले आणि पन्हाळ्यावर संभाजीराजांसमोर उभे केले. बहिणीला हा दगाच वाटला असेल. निष्ठा आणि दगा यांतील रेघ कधी कधी एकाच घराच्या मधोमध जाते. कोणाशी इमान राखायचे याचा विचार न करता केवळ इमान, इमान म्हणून चालत नाही. ते ज्याचे रास्त आहे त्याच्याशी राखावे लागते.

जून १६८० मध्ये संभाजीराजे रायगडावर गेले आणि १६ जानेवारी १६८१ रोजी त्यांचा राज्याभिषेक झाला. कटवाल्यांना त्यांनी माफ केले; अण्णाजी दत्तोंना पुन्हा मोठे पद दिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राजांना विष घालण्याचा कट उघड झाला आणि त्यात अण्णाजींचे नाव निघाले. या वेळी क्षमा झाली नाही. अण्णाजींबरोबर शिवाजी महाराजांचे जुने चिटणीस बाळाजी आवजी यांनाही देहदंड झाला. बाळाजींचा दोष नव्हता असे मागाहून कळून राजांना पश्चात्ताप झाला, असे परंपरा सांगते. त्यांनी बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ याला चाकरीत घेतले, आणि ज्याच्या बापाला दगाबाज म्हणून मारले त्या मुलाने पुढे आयुष्यभर या घराण्याची निष्ठेने सेवा केली. एकदा दगा सोसलेल्याला सगळीकडे दगाच दिसू लागतो. राजेही त्यातून सुटले नाहीत.

पुढची आठ वर्षे घोड्यावरच गेली. औरंगजेब प्रचंड सैन्य घेऊन दख्खनेत उतरला होता. इकडे जंजिऱ्याचा सिद्दी, तिकडे पोर्तुगीज. १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय फोंड्यावर चालून आला, तेव्हा राजांनी त्याला मागे रेटले आणि वर्षाअखेरीस साष्टी-बारदेशात फौजा घातल्या. तेथील ख्रिस्ती गावांनाही त्याची झळ लागली. आपल्यापैकी काहींचे पूर्वज त्या गावांतले असतील, म्हणून हे सांगितले पाहिजे. लढाई राजसत्तांची होती, सोसले मात्र रयतेने. १६८६ मध्ये विजापूर पडले, १६८७ मध्ये गोवळकोंडा. गोवळकोंड्याचा दरवाजा आतून उघडला गेला होता. त्याच वर्षी वाईजवळच्या लढाईत हंबीरराव पडले.

आता कोल्हापूरकडे येऊ. कुतुबशाहीचा एक सरदार शेख निजाम गोवळकोंड्याच्या वेढ्यात आपला धनी सोडून मोगलांना मिळाला होता. औरंगजेबाने त्याला मुकर्रबखान हा किताब दिला आणि पन्हाळ्याच्या कामगिरीवर पाठवले. १६८९ च्या सुरुवातीला त्याचा तळ कोल्हापूरला होता. त्याआधी काही महिने शिर्के मंडळी आणि राजांचे विश्वासू कवी कलश यांच्यात लढाई होऊन कलशांना खेळण्यावर, म्हणजे विशाळगडावर, आसरा घ्यावा लागला होता. राजांनी येऊन शिर्क्यांचा मोड केला. गणोजी शिर्के हे महाराणी येसूबाईंचे भाऊ आणि स्वतः शिवाजी महाराजांचे जावई. दुहेरी सोयरीक असूनही वितुष्ट आले होते. ते काम उरकून राजे परतीच्या वाटेवर संगमेश्वरला थांबले. मुकर्रबखानाला बातमी लागली. आंब्याच्या घाटातून, रानावनातून, ४५ कोसांची मजल मारून त्याने १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वर गाठले. म्हाळोजी घोरपडे लढता लढता पडले. त्यांचे पुत्र संताजी पुढे मराठ्यांचे सेनापती झाले आणि त्यांचे घराणे आपल्या जिल्ह्यातील कापशीला नांदले. राजे आणि कवी कलश जिवंत पकडले गेले.

बातमी कोणी दिली? औरंगजेबाच्या दरबारी इतिहासात ती हेरांनी आणली, एवढेच आहे. त्यात शिर्क्यांचा उल्लेख आहे, पण तो राजे तिकडे का गेले होते याचे कारण म्हणून. खबर देणारा म्हणून नव्हे. आपल्याकडील जेधे शकावलीत शिर्क्यांशी झालेल्या लढाईची आणि राजांच्या पकडले जाण्याची नोंद आहे; गणोजींनी धरून दिले असे तीत नाही. पाँडिचेरीच्या फ्रेंच वखारीच्या प्रमुखाने आपल्या टिपणांत वेगळ्याच लोकांकडे बोट दाखवले. काही बखरींनी तर कवी कलशांवरच ठपका ठेवला. कलश उत्तरेकडचे, म्हणजे परके. राजांचे लाडके, म्हणजे डोळ्यांत खुपणारे. देवळाच्या शिखरावर असतो तो 'कलश'; त्या नावाचे लोकांनी 'कलुषा' केले, म्हणजे डागाळलेला. कोणाला दगाबाज ठरवायचे तर पुरावा शोधण्यापेक्षा नाव वाकडे करणे सोपे असते.

पकडलेल्या दोघांना पेडगावच्या बहादूरगडावर बादशहासमोर नेले. त्यांची धिंड काढली. मग औरंगजेबाने रुहुल्लाखानाला त्यांच्याकडे पाठवून दोन गोष्टी विचारल्या, असे ईश्वरदास नागर या मोगलांच्याच चाकरीतील इतिहासकाराने नोंदले आहे. पहिली, खजिना कोठे ठेवला आहे. दुसरी, बादशहाच्या सरदारांपैकी कोण कोण राजांशी आतून पत्रव्यवहार करीत होते.

या दुसऱ्या प्रश्नापाशी आम्ही वाचताना पुष्कळ वेळ थांबलो. बादशहाला पैशाइतकीच नावे हवी होती. ज्यांनी गुपचूप राजांवर विश्वास टाकला होता, त्यांची नावे. ती सांगितली असती तर त्या माणसांची डोकी उडाली असती आणि राजांचे प्राण कदाचित वाचले असते. ती माणसे शत्रूच्या छावणीतली होती, त्यांच्यासाठी मरण्याचे राजांवर बंधन नव्हते असेही कोणी म्हणू शकले असते. पण विश्वास टाकणारा कोण आहे यावर विश्वासाची किंमत ठरत नाही. राजांनी एकही नाव दिले नाही. उलट बादशहाला कठोर शब्द सुनावले. त्यानंतर त्यांचे डोळे काढले गेले, हाल हाल केले गेले, आणि ११ मार्च १६८९ रोजी भीमेच्या काठी त्यांचा वध झाला. वय पुरते बत्तीसही नव्हते. वढू आणि तुळापूर येथे आजही लोक माथा टेकायला जातात.

दहा वर्षांपूर्वी ज्या तरुणाने रागाच्या भरात स्वतःला शत्रूच्या हाती दिले होते, त्यानेच शेवटी कोणालाही शत्रूच्या हाती दिले नाही. एकदा चुकलेला माणूस कायमचा चुकलेला नसतो. पेत्रानेही एका रात्रीत तीनदा नाकारले होते, आणि ख्रिस्तसभेच्या किल्ल्या त्याच्याकडेच राहिल्या. आम्ही पापनिवेदनाच्या पिंजऱ्यात बसतो तेव्हा पुढे गुडघे टेकलेल्या माणसाच्या भूतकाळावरून त्याचा शेवट ठरवायचा नाही, हे आम्हाला या चरित्राने पुन्हा शिकवले. आणि तेथे ऐकलेले कोणाच्याही हाती द्यायचे नाही, हे तर आमचे व्रतच आहे.

कवी कलशांचेही त्याच दिवशी तसेच हाल झाले. सुटकेसाठी राजांना सोडून देण्याची वाट त्यांच्यापुढेही असेल. ते गेले नाहीत. ज्याला बखरींनी घरभेदी म्हटले तो अखेरपर्यंत राजांच्या शेजारी उभा होता. याहून मोठा पुरावा कोणता हवा? तरी 'कलुषा' हे नाव अडीचशे वर्षे चिकटून राहिले. ते पक्के करणारी मल्हार रामराव चिटणीसांची बखर राजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली, आणि तिचे लेखक देहदंड झालेल्या बाळाजी आवजींच्या वंशातले होते. राजांचे बिघडवलेले चरित्र कागदपत्रांच्या आधारे पुन्हा उभे करायला वा. सी. बेंद्रे यांना चाळीस वर्षे लागली. त्यांचा ग्रंथ १९६० मध्ये आला. त्यानंतर कमल गोखले यांनी आणि आपल्या कोल्हापूरच्या डॉ. जयसिंगराव पवार यांनी ते काम पुढे नेले.

गणोजी शिर्के पुढे मोगलांच्या चाकरीत होते हे खरे. ते आम्ही नाकारत नाही. पण जिंजीच्या वेढ्यातून राजाराम महाराज निसटले, त्या वेळी वेढा घालणाऱ्या फौजेत असलेल्या याच गणोजींनी वाट करून दिली, आणि त्या बदल्यात खंडो बल्लाळांनी आपले दाभोळचे वतन त्यांना लिहून दिले, असेही बखर सांगते. म्हणजे माणूस वतनाचा लोभी असेल, रुसलेला असेल. पण मेहुण्याला धरून दिले हा आरोप वेगळा आहे, आणि त्याला त्या काळच्या कागदाचा आधार मिळत नाही. २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट आला तेव्हा शिर्के घराण्यातील वंशजांनी याच कारणाने हरकत घेतली आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. सव्वातीनशे वर्षांनंतरही शाळेत, लग्नाच्या बैठकीत, गावच्या पारावर त्या आडनावाच्या माणसाला टोमणा ऐकावा लागतो.

हे आपल्याला कळायला हवे, कारण हीच चूक आपल्या ख्रिस्ती लोकांनी फार मोठ्या प्रमाणावर केली आहे. एका यहूदाच्या नावाने आपण शतकानुशतके सबंध यहुदी समाजाला दगाबाज म्हणत राहिलो आणि त्याची भयंकर फळे त्यांनी भोगली. ती चूक ख्रिस्तसभेने १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, स्पष्टपणे दुरुस्त केली.

दुसऱ्याचे नाव हीदेखील आपल्या हाती सोपवलेली वस्तू आहे. दुकानातल्या भागीदाराविषयी, सुनेविषयी, मंडळाच्या खजिनदाराविषयी, त्याने घात केला असे पुराव्याशिवाय बोलून आपण ते नाव लोकांच्या हाती देतो तेव्हा धरून देणारे आपणच असतो. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे. ती न्यायालयापुरती नाही. चर्चच्या अंगणातही लागू आहे.

म्हणून, त्या प्रवचनात आम्ही जे बोललो ते येथे मागे घेत आहोत. दाराशी येऊन विचारणारे गृहस्थ आता आपल्यात नाहीत. प्रभू त्यांना चिरशांती देवो. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आज देतो : ते कोठे लिहिलेले नाही. आम्ही बोलायला नको होते.

प्रभू येशू आपल्या हाती सोपवलेले सर्व काही, माणसे, शब्द आणि नावे, जपण्याचे बळ आपणा सर्वांना देवो.

आपला,
धर्मगुरू